दीड मीटर आणि दोन सेंटिमीटर

पुण्यात हेल्मेटचा विषय निघाला की दोन मिनिटांत बोलणं सक्तीवर येतं. १ जानेवारी २०१९ला पोलिसांनी दुचाकीस्वारांवर कारवाई सुरू केली, तेव्हा त्याविरुद्ध शहरात मोर्चाही निघाला होता. तो वाद मोटारसायकल आणि स्कूटरचा. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ त्यांना लागू होतं. सायकल मोटार वाहनात मोडतच नाही, त्यामुळे सायकलस्वार त्या कलमाबाहेर राहतो. मोटार २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेल्या ई-सायकलीही बाहेरच. सायकलवर टांग टाकताना डोक्यावर काही घालायचं की नाही, हे आज आपल्याकडे ज्याचं त्यानं ठरवायचं आहे.

पण ठरवायचं कशाच्या आधारावर? एक जण छातीवर हात ठेवून सांगतो, हेल्मेट नसतं तर मी आज तुमच्यासमोर नसतो. दुसरा विचारतो, ट्रकखाली आल्यावर त्या थर्माकोलचा काय उपयोग? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि दोघंही एक गोष्ट सोडून देतात: हे हेल्मेट कोणत्या धडकेसाठी बनवलेलं आहे. ती एकदा नीट समजली की पुष्कळसा वाद निवळतो. म्हणून आधी डोक्याकडे पाहू, मग हेल्मेटकडे, आणि कायद्याकडे सगळ्यांत शेवटी.

सायकलवर बसलेल्या मोठ्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड ते पावणेदोन मीटर उंचीवर असतं. पहिल्या पावसात ड्रेनेजच्या गुळगुळीत झाकणावरून चाक घसरलं, पेव्हर ब्लॉकच्या कडेत अडकलं किंवा उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं, की माणूस कुशीवर कोसळतो आणि डोकं तेवढ्या उंचीवरून खाली येतं. दीड मीटरवरून पडलेली कोणतीही वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा खाली येण्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो. सायकल रेंगाळत होती की पंचवीसच्या वेगानं पळत होती, याचा या आकड्याशी फारसा संबंध नाही. खाली खेचणारं गुरुत्वाकर्षण दोन्ही वेळेला तेवढंच असतं. म्हणून सिग्नलला उभ्या उभ्या तोल जाऊन पडलेल्या माणसाच्या डोक्यालाही गंभीर मार बसू शकतो. ‘मी सावकाशच चालवतो, मला कशाला हेल्मेट?’ हा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो.

आता खरी गोम. नुसत्या वेगानं इजा होत नाही. तो वेग किती थोड्या अंतरात शून्यावर येतो, त्यावर इजा ठरते. उंच उडालेला चेंडू झेलताना क्षेत्ररक्षक हात चेंडूबरोबर मागे नेतो. हात ताठ धरले तर तोच चेंडू बोटं मोडेल. वेग तोच असतो, फक्त थांबायला मिळालेलं अंतर वाढतं. डोक्याच्या बाबतीत हा हिशेब कागदावर करता येण्याइतका सोपा आहे. ज्या उंचीवरून पडलो तिला थांबण्याच्या अंतरानं भागायचं. येणारा आकडा सांगतो, की सरासरी झटका गुरुत्वाकर्षणाच्या किती पट होता.

डांबरी रस्ता दबत नाही. कवटीवरची कातडी आणि खुद्द कवटी मिळून दोन मिलिमीटर दबली असं धरू. दीड मीटर म्हणजे पंधराशे मिलिमीटर. भागिले दोन, म्हणजे साडेसातशे पट. आता मध्ये दोन सेंटिमीटर चिरडला जाणारा थर आला असं समजू. पंधराशे भागिले वीस, म्हणजे पंचाहत्तर पट. प्रत्यक्षात थर एकसारखा दबत नाही आणि झटक्याचं टोक सरासरीच्या बरंच वर जातं, त्यामुळे प्रयोगशाळेतले आकडे यापेक्षा वेगळे येतात. पण फरक कुठून पडतो, ते या भागाकारात दिसतं. हेल्मेटचं मुख्य काम एवढंच आहे: डोक्याला थांबण्यासाठी दोन सेंटिमीटर जागा मिळवून देणं.

ही जागा मिळते ती थर्माकोलमधून. टीव्हीच्या खोक्यात कोपऱ्यांना लावलेला असतो त्याच जातीचा पदार्थ, फक्त जास्त घट्ट भरलेला. त्यात हवेनं फुगलेले बारीक बारीक कप्पे असतात. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की हे कप्पे चिरडले जातात आणि चिरडताना धडकेची ऊर्जा खाऊन टाकतात. इथे थर्माकोलचा एक गुण फार मोलाचा आहे: तो उसळून परत येत नाही. रबर किंवा मऊ स्पंज वापरला असता तर त्यानं ऊर्जा साठवून पुन्हा डोक्यालाच परत दिली असती. पण याच गुणाची दुसरी बाजू अशी, की एकदा चिरडलेला भाग पुढच्या वेळी कामाला येत नाही. सायकलचं हेल्मेट एकाच मोठ्या आपटीसाठी असतं.

वरचं चकचकीत प्लॅस्टिकचं कवच हे झटका अडवण्याचं मुख्य साधन नाही. त्याची कामं वेगळी आहेत. दगडाचं किंवा फुटपाथच्या कडेचं टोक आत घुसू न देणं, आतला थर्माकोल तडकला तरी त्याचे तुकडे जागच्या जागी धरून ठेवणं, आणि डोकं रस्त्याला अडकून मुरगळण्याऐवजी घसरत पुढे जाऊ देणं. तिसरा भाग हनुवटीखालचा पट्टा. पडताना बहुतेकदा आधी खांदा किंवा ढोपर आपटतं, मग डोकं. पट्टा सैल असेल तर त्या पहिल्या हिसक्यातच हेल्मेट कपाळावरून मागे सरकतं.

हे सगळं आज साधं वाटतं, पण त्यामागे एका न्यूरोसर्जनची तळमळ आहे. १९३५च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून येत होता. समोर अचानक सायकलवरची दोन मुलं आली. त्यांना वाचवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी गेला. डोक्यावर काही नव्हतं. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे शल्यचिकित्सक होते. ते मरण त्यांच्या मनात घर करून राहिलं. १९४१ साली त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढे ब्रिटिश सैन्यात निरोप पोहोचवणाऱ्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट आलं. सायकलस्वारांना मात्र बरीच वाट पाहावी लागली. कित्येक वर्षं शर्यतीतले सायकलपटू चामड्याच्या गुंडाळलेल्या पट्ट्यांची टोपी घालत. ती खरचटण्यापासून वाचवायची, आपटण्यापासून नाही. कडक कवच आणि आत थर्माकोल असं खास सायकलसाठी बनवलेलं हेल्मेट अमेरिकेच्या बेल कंपनीनं १९७५ला आणलं.

आता ट्रकच्या प्रश्नाकडे येऊ. हेल्मेट विकायला येण्याआधी त्याला ज्या चाचण्या द्याव्या लागतात, त्यांतच या प्रश्नाचं उत्तर आहे. हेल्मेटमध्ये धातूचं डोकं बसवतात, आत झटका मोजणारं यंत्र ठेवतात आणि ते पोलादी ऐरणीवर सोडतात. युरोपच्या ईएन १०७८ या मानकात सपाट ऐरणीवर आदळण्याचा वेग सेकंदाला ५.४२ मीटर असतो. आपण वर काढलेला साडेएकोणीस किलोमीटरचा वेग तो हाच. दीड मीटरवरून पडण्याचा. आतला झटका गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींहून जास्त गेला तर हेल्मेट नापास. अमेरिकेचं सीपीएससी हे मानक मार्च १९९९पासून लागू आहे. तिथे सपाट ऐरणीवर दोन मीटरवरून सोडतात आणि ३०० पटींपर्यंत मुभा देतात. फुटपाथच्या कडेसारख्या आकाराच्या ऐरणीवर कमी उंचीवरून वेगळी चाचणी होते.

ताशी साठ किलोमीटरनं येणाऱ्या मोटारीची चाचणी या यादीत नाही. ती असूही शकत नाही. वेग तिप्पट झाला की धडकेची ऊर्जा नऊपट होते. ती पचवायची तर डोक्यावर वीतभर जाडीचा थर लागेल, आणि तेवढं जड धूड डोक्यावर घेऊन कुणी सायकल चालवणार नाही. थर्माकोल पूर्ण चिरडला गेला की तो दगडासारखा कडक होतो आणि उरलेला सगळा झटका डोक्याकडे जातो. मोटारीच्या धक्क्यानंतर डोकं रस्त्यावर आपटतं तेव्हा हेल्मेट मदत करतं, हे खरं. पण भरधाव वाहनाची थेट धडक झेलणं हे त्याचं काम नव्हे, आणि बरगड्या, मान, पोट यांच्याशी त्याचा संबंधच नाही. ट्रकबद्दल विचारणारा बरोबर आहे. चुकतो तो पुढच्या पायरीवर, कारण सायकलवरून पडण्याच्या कितीतरी प्रसंगांत ट्रक नसतोच. खड्डा असतो, कुत्रं असतं, वाळू असते, आपलीच घाई असते.

या चाचण्यांत एक उणीव फार वर्षं राहून गेली होती. हेल्मेट सरळ खाली सोडलं जातं. पडणारा माणूस मात्र तिरका आपटतो. पुढे जाण्याचा वेग आणि खाली येण्याचा वेग एकत्र येऊन डोक्याला पीळ बसतो. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नाही, तो द्रवात तरंगत असतो. कवटी झटकन फिरली की मेंदू मागे राहतो आणि आतले तंतू ताणले जातात. कवटी शाबूत राहूनही माणूस बेशुद्ध पडतो, त्यामागे बऱ्याचदा हा पीळ असतो. स्टॉकहोममधले न्यूरोसर्जन हान्स फॉन होल्स्ट आणि संशोधक पीटर हालदिन यांनी नव्वदच्या दशकापासून यावर काम केलं, त्यातून ‘मिप्स’ हे तंत्र आलं. हेल्मेटच्या आत एक पातळ, निसरडा थर असतो. तिरकी धडक बसली की तो दहा-पंधरा मिलिमीटर सरकतो आणि पिळाचा काही भाग जिरवतो. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८पासून तिरक्या धडकेवर सायकलची हेल्मेटं तपासून त्यांना तारे देतं. ऐपत असेल तर मिप्स असलेलं घ्यावं. नसेल तर साधं, पण मापाचं, नीट बांधलेलं घ्यावं. ढिलं मिप्स काही कामाचं नाही.

मापाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण खर्च करूनही फुकट जाण्याची जागा हीच आहे. भल्या पहाटे खडकवासल्याकडे निघालेले सायकलींचे ग्रुप पाहा. महागडी हेल्मेटं असतात आणि त्यांतली कितीतरी टोपीसारखी मागे ढकललेली, कपाळ पूर्ण उघडं. पुढे तोंडावर पडलो तर पहिला मार कपाळालाच. हेल्मेट आडवं, सपाट बसलं पाहिजे आणि पुढची कडा भुवयांच्या वर जेमतेम दोन बोटं. मागची चकती फिरवून ते इतकं आवळावं, की पट्टा न लावता मान खाली घातली तरी पडू नये. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या खाली येऊन मिळायला हवेत. हनुवटीखाली एखादं बोट जाईल एवढीच जागा ठेवावी. मग तोंड मोठं उघडून पाहावं, हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढलं गेलं तर पट्टा बरोबर. केसांचा अंबाडा वर बांधला तर हेल्मेट टेकत नाही; वेणी किंवा मानेजवळ बांधलेले केस चालतात. घाम टिपायला पातळ सुती कापडी टोपी चालेल, जाड उपरणं किंवा लोकरीची टोपी नको. लहान मुलांना वाढत्या मापाचं हेल्मेट घेऊ नये. कपडे वाढत्या मापाचे घेतो तसं इथे चालत नाही. आणि सायकलवरून उतरून मूल झोक्यावर, घसरगुंडीवर किंवा झाडावर चढणार असेल तर हेल्मेट आधी काढावं. पट्टा अडकून गळफास बसण्याचा धोका असतो.

दुकानात बऱ्याचदा आयएसआयचा शिक्का दाखवतात. हेल्मेटवरचा आयएस ४१५१ हा क्रमांक मोटारसायकलच्या हेल्मेटचा आहे. ते हेल्मेट जड असतं, कान झाकतं, हवा जाऊ देत नाही. मे महिन्यात नागपुरात ते घालून पायडल मारणं शक्य नाही. सायकलच्या हेल्मेटच्या आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी असं छापलेलं लेबल शोधावं. नसेल तर ते शोभेचं प्लॅस्टिक समजून परत ठेवावं.

एवढं झाल्यावर विचारायला हवं, की प्रयोगशाळेतलं हे सगळं रस्त्यावर उतरतं का? १९८९ साली अमेरिकेतल्या सिएटल शहरातला एक अभ्यास गाजला. अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या सायकलस्वारांची तुलना करून संशोधकांनी सांगितलं, की हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी कमी होतो. हा आकडा पुढे जगभर पोस्टरांवर छापला गेला. त्यात एक अडचण होती. हेल्मेट घालणारा माणूस मुळातच जपून चालवणारा, बागेतल्या वाटेनं जाणारा असू शकतो. मग श्रेय हेल्मेटचं किती आणि स्वभावाचं किती? २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जेक ऑलिव्हियर आणि प्रुडन्स क्रायटन यांनी ४० अभ्यास आणि ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र केली. डोक्याच्या दुखापतीची शक्यता ५१ टक्क्यांनी कमी, गंभीर दुखापतीची ६९ टक्क्यांनी कमी, मानेवर वाईट परिणाम नाही, असा निष्कर्ष निघाला. ८५ इतका तो डोळे दिपवणारा नाही. तरीही हजार-दीड हजार रुपयांच्या वस्तूकडून याहून जास्त मागणं रास्त नव्हे. पडल्यावर हेल्मेट वाचवतं, यावर माझ्या मनात शंका उरलेली नाही.

हेल्मेटमुळेच धोका वाढतो, असंही कधी कधी ऐकू येतं. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावून फेरफटके मारले. २००६ साली त्यांनी सांगितलं, की हेल्मेट घातलेलं असताना मोटारी सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून जातात. पुढे इतर संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासून या निष्कर्षावर आक्षेप घेतला. हेल्मेट घातल्यामुळे स्वार बेफिकीर होतो, या कल्पनेलाही नंतरच्या आढाव्यांत फारसा आधार मिळाला नाही. या मुद्द्यावर मी जास्त रेंगाळत नाही.

रेंगाळायला हवं ते कायद्यावर. ‘हेल्मेट उपयोगी आहे’ आणि ‘हेल्मेट सक्तीचं करावं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं खरं असलं म्हणून दुसरं आपोआप खरं ठरत नाही.

सर्व वयाच्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं करणारा पहिला कायदा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १ जुलै १९९०ला आणला. वर्षभरात हेल्मेट घालणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेलं. डोक्याला मार लागून दगावलेल्या किंवा रुग्णालयात दाखल झालेल्या सायकलस्वारांचे विम्याचे दावे पहिल्या वर्षी ४८ टक्क्यांनी घटले. एवढंच वाचलं तर प्रश्न सुटला असं वाटेल. पण त्याच काळात मेलबर्नमध्ये सायकलस्वारांची मोजणी झाली, तेव्हा सायकल चालवणारेच कमी झाल्याचं दिसलं, आणि सगळ्यांत मोठी घट किशोरवयीन मुलांमध्ये होती. त्याच सुमारास तिथे वेगाविरुद्ध आणि दारू पिऊन चालवण्याविरुद्ध जोरदार मोहिमाही सुरू होत्या. दावे कमी झाले ते हेल्मेटमुळे किती, सायकली कमी झाल्यामुळे किती आणि मोटारचालक सुधारल्यामुळे किती, यावर तीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. एक गोष्ट मात्र आकड्यांच्या भांडणापलीकडे आहे. सायकल सोडून दिलेल्या मुलाला डोक्याची इजा होत नाही, पण रोजचा व्यायामही होत नाही, आणि तो वडिलांच्या मोटारीत बसला की रस्त्यावर आणखी एक मोटार येते.

नेदरलँड्सनं उलट्या बाजूनं सुरुवात केली. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे तेहतीसशे माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. आपली मुलगी अपघातात गमावलेल्या फिक लांगेनहोफ या पत्रकारानं लिहिलेल्या लेखातून ‘मुलांची हत्या थांबवा’ ही चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांनी मुलांना हेल्मेट मागितलं नाही, सुरक्षित रस्ता मागितला. पुढच्या काही दशकांत सायकलींना वेगळे मार्ग मिळाले, वस्त्यांमधून मोटारींचा वेग उतरला. आज तिथे आजीबाईंपासून शाळकरी पोरांपर्यंत बहुतेक सगळे उघड्या डोक्यानं सायकल चालवतात. तरीही पडणं तिथेही थांबलेलं नाही, विशेषतः ई-सायकलवरच्या वयस्कर मंडळींचं. म्हणून सरकार आता हेल्मेट वापरा असं आवाहन करतं. सक्ती करत नाही.

आणि सिएटल. ज्या शहरातल्या अभ्यासानं हेल्मेटचा झेंडा जगभर नेला, त्याच्या किंग काउंटी जिल्ह्यात १९९३पासून सक्ती होती, २००३ला ती शहरालाही लागू झाली. काही वर्षांपूर्वी पत्रकार आणि कार्यकर्त्यांनी दंडाच्या पावत्या तपासल्या. २०१७नंतरच्या पावत्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक बेघर माणसांच्या नावावर निघाल्या. कृष्णवर्णीयांचा वाटाही त्यांच्या संख्येच्या मानानं कितीतरी जास्त होता. डोकं वाचवण्यासाठी केलेला नियम रस्त्यावर गरीब माणसाला अडवण्याचं निमित्त झाला होता. फेब्रुवारी २०२२मध्ये जिल्ह्याच्या आरोग्य मंडळानं तो रद्द केला, आणि त्याच वेळी हेल्मेट वापरण्याचं आवाहनही केलं.

आपल्याकडे असा कायदा आला तर दंडाची पावती कोणाच्या हातात पडेल? पहाटे खडकवासल्याला जाणाऱ्यांच्या नाही. त्यांच्या डोक्यावर ते आधीपासून आहे. ती पडेल रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या वॉचमनच्या हातात, बांधकामावर डबा लटकवून जाणाऱ्या मजुराच्या हातात. ती पडेल मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मिळणाऱ्या सायकलवरून शाळा गाठणाऱ्या मुलीच्या हातात. त्या सायकलीमुळे वाडीवस्तीवरच्या मुलींची शाळा सुटत नाही. तिला दंडाच्या धाकानं घरी बसवणारा कोणताही नियम मला मान्य नाही. तिला सायकलीबरोबर हेल्मेटही द्या, ते कसं बांधायचं हे शिकवा. याला माझा दोन्ही हात वर करून पाठिंबा आहे.

जिथे माणूस स्वतःहून धोका वाढवतो, तिथे अट घालणं मला योग्य वाटतं. शर्यतींत सायकलपटूंनी हेल्मेटला बराच काळ विरोध केला. १९९१ला आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं सक्ती आणू पाहिली, तेव्हा पॅरिस–नीस शर्यतीत खेळाडू संपावर गेले आणि संघटनेनं माघार घेतली. १९९५ला टूर द फ्रान्समध्ये पिरेनीजचा उतार उतरताना इटलीचा फाबियो कासार्तेली पडून गेला, तरी नियम आला नाही. मार्च २००३मध्ये त्याच पॅरिस–नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव हेल्मेटविना पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर मे महिन्यात सक्ती झाली. आज हेल्मेटशिवाय शर्यतीत उभं राहण्याची कल्पनाही कुणी करत नाही. आपल्याकडच्या बीआरएम नावाच्या दोनशे-तीनशे किलोमीटरच्या राइडमध्येही हेल्मेटशिवाय सुरुवात करू देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. उतारावर, घोळक्यात, अर्धवट झोपेत चालवणाऱ्या माणसाकडून आयोजकानं एवढं मागायलाच हवं. लहान मुलांच्या बाबतीतही माझं मत तसंच ठाम आहे. त्यांची निवड आपण करतो, तेव्हा ती डोकं वाचवणारीच असावी.

मोठ्या माणसाला मात्र मी सांगेन, समजावेन, पण पोलिसाच्या हाती देणार नाही. आणि हे म्हणताना महापालिकेला सोडणार नाही. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यांत सायकलस्वार चार हजारांहून अधिक. त्यांतल्या ज्यांना भरधाव वाहनानं उडवलं, त्यांना दोन सेंटिमीटर थर्माकोल वाचवू शकला नसता. त्यांना हवा होता वेगळा मार्ग, कमी वेग, रात्री पेटणारे दिवे. पुण्याचा सायकल आराखडा २०१७ साली मंजूर झाला, तरी आज सायकल मार्गावर गाड्या उभ्या दिसतात, टपऱ्या दिसतात, मध्येच विजेचा खांब दिसतो. हेल्मेटवर बोलून हे प्रश्न झाकले जात असतील तर ते बोलणं अपुरं आहे. आणि रस्ता सुधारेपर्यंत मी डोकं उघडं ठेवीन, हा हट्टही आपल्याच डोक्याला महाग पडणारा आहे.

तेव्हा हेल्मेट घ्या आणि रोज घाला, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातानाही. ते गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवू नका, थिनरनं पुसू नका. आणि एकदा जोरात आपटलं, की वरून एकही ओरखडा दिसत नसला तरी बदला. जुनं फेकताना त्याचे पट्टे कात्रीनं कापून टाका, म्हणजे कचऱ्यातून उचलून ते कुणी आपल्या मुलाला घालणार नाही.